चहा देतो आणि विषय बदलतो

सप्रेम नमस्कार,

दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयातून दोन वर्षांपूर्वी मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून आमच्या भागातल्या तीन शाळांना नवे मुख्याध्यापक मिळाले. ‘सुरुवातीला त्यांना जरा हात द्या’ असं मुख्याध्यापक संघाने मला सांगितलं. मानधन नाही, मी मागितलंही नाही. पण सगळा गोंधळ झालाय.

पहिले सर दिवसाला दहा-बारा फोन करतात. शिपायाची किरकोळ रजा मंजूर करू का, इथपासून पावसाची सुट्टी देऊ का, इथपर्यंत. परवा आमची लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात उभा राहून मी त्यांना जावक क्रमांक कुठे टाकायचा ते सांगत होतो. दुसरे सर माझ्याच शाळेत माझ्या जागी आले. सतरा वर्षं माझ्या हाताखाली काम केलंय. आता फोन उचलत नाहीत. शाळेत गेलो तर चहा देतात आणि विषय बदलतात. मी बारा वर्षं चालवलेला दहावीचा सकाळचा जादा तास त्यांनी आल्या आल्या बंद केला. तिसऱ्या बाई एका लहान शाळेत प्रभारी आहेत, वय जेमतेम चाळीस. त्यांच्या मुंबई मंडळाला, म्हणजे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाला, शाळेपुढे कमान बांधायची आहे, आणि इथे वर्गात कौलं गळतायत. बाई फोन करतात आणि रडतात, पण नेमकं काय झालं ते सांगत नाहीत.

संघाच्या मासिक बैठकीत तिघांचा आढावा मी मांडतो, कधी कधी संस्थांचे पदाधिकारीही तिथे असतात, त्यामुळे मला हे काम अर्ध्यावर सोडताही येत नाही. उत्तरं देत राहू, की हात आखडता घेऊ?

— एक निवृत्त मुख्याध्यापक

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, ते चिखलातल्या जावक क्रमांकाचं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या परिच्छेदात अडकले. तिघांचा आढावा बैठकीत मांडतो, हे तुम्ही अगदी सहज, जबाबदारी म्हणून लिहिलंय. तुमच्या तिन्ही दुखण्यांचं मूळ मला तिथे दिसतं. पण त्याआधी ही माणसं ज्या खुर्चीत बसली आहेत तिच्याबद्दल थोडं बोलू. आपण दोघंही त्या खुर्चीतून उठून आलोय, आणि उठलं की बसतानाचं सगळं विसरायला होतं.

आपल्या अनुदानित शाळांत मुख्याध्यापक शोधून आणत नाहीत, तो यादीत पिकतो. १९८१ची सेवाशर्ती नियमावली सेवाज्येष्ठता बघते. वरचा निवृत्त झाला की खालच्याची पाळी. निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे पुष्कळांच्या वाट्याला खुर्ची येते तेव्हा हातात दोन-तीन वर्षं उरलेली असतात. तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेला हा माणूस. गणित शिकवायला त्याला बी.एड. करावं लागलं, रोजच्या जमाखर्चाची कीर्द लिहायला, पगार बिल करायला, गोपनीय अहवाल लिहायला मात्र कोणी एक दिवससुद्धा शिकवलेलं नसतं. २०२०च्या शिक्षण धोरणाने मुख्याध्यापकांनाही वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. चांगलंच आहे. पण ते तास खुर्चीत बसल्यावर सुरू होतात, आणि माणूस फसतो तो पहिल्या महिन्यात.

तो महिनाही कसला, तर जून. जुन्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लावली, म्हणून आपल्याकडे अर्धे शिक्षक ३१ मेला निवृत्त होतात. शाळेला सुट्टी, लेखनिक गावाला, आंब्याचा शेवटचा हंगाम, आकाश भरून आलेलं. अशा दिवसांत बंद शाळेच्या कार्यालयात दोन माणसं पंख्याखाली बसून चार्जची, म्हणजे कार्यभार सोपवण्याची, यादी उरकतात. एकाला सुटायची घाई आणि दुसऱ्याला विचारायचा संकोच. पंधरवड्याने शाळा भरते तेव्हा प्रवेश, दाखले, पुस्तकं आणि छपराखाली ठेवायच्या बादल्या, सगळं एकदम अंगावर येतं.

मी चार्ज घेतला तेव्हा जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत बाजाच्या पेट्या दोन होत्या आणि कपाटावर एक. दुसरी दुरुस्तीला गेली आहे, असं मला सांगण्यात आलं. ज्यांनी सांगितलं ते वयाने मोठे, मला शिकवलेले. मी सही केली. चार वर्षांनी लेखापरीक्षणात पेटी निघाली, म्हणजे कागदावर निघाली. ती अजून दुरुस्त होऊन यायची आहे. तिची किंमत मी भरली. किमतीचं काही नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पेटी मोजून घे, समोर नसेल तर यादीत तसं लिहून मग सही कर, एवढं एक वाक्य सांगणारं मला त्या मे महिन्यात कोणी नव्हतं.

पुढे भेटले. शेजारच्या गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक. दर गुरुवारी आमच्याकडे बाजार भरायचा, त्या दिवशी ते भाजीची पिशवी घेऊन यायचे आणि कार्यालयात न येता बाहेर पडवीतल्या बाकावर बसायचे. मधल्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायची. हल्ली अशा माणसाला मेंटॉर म्हणतात. आम्ही त्यांना ‘बाजारवाले सर’ म्हणायचो. त्यांच्या बोलण्याची एक रीत होती आणि ती मला फार उशिरा कळली. कागदाचं काही विचारलं तर ते तिथल्या तिथे, एका वाक्यात सांगत. पगार बिल वेतन पथकाकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, कधी पोचलं पाहिजे, कुठल्या खर्चाला ठराव लागतो, दाखल्याची दुसरी प्रत देताना त्यावर काय लिहायचं. माणसांचं काही विचारलं तर मात्र सांगत नसत. गवारीची शेंग मोडत आपली एखादी चूक सांगत. कोणाला सगळ्यांसमोर बोललो आणि तो पुढे नऊ वर्षं कसा नुसती सही करण्यापुरता शाळेत आला, असलं काहीतरी. त्यांच्या विजयाची एकही गोष्ट मला आठवत नाही.

तर सर, उत्तरं द्यायची की हात आखडायचा, हा प्रश्नच मला पटत नाही. काही गोष्टींत न विचारता सांगितलं पाहिजे, काहींत विचारलं तरी सांगता कामा नये.

न विचारता सांगायच्या गोष्टी कागदाच्या. उदाहरणार्थ जी.आर. आपल्याकडे जी.आर. दोन: एक शासन निर्णय, तो बदलत राहतो, दुसरं जनरल रजिस्टर, ते बदलायचं नसतं. नव्या मुख्याध्यापकाला पहिल्याच आठवड्यात हे सांगा. रजिस्टरमधलं नाव, जात, जन्मतारीख आपल्या पेनाने दुरुस्त करायचा अधिकार त्याला नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. गावातलाच कोणीतरी वजनदार माणूस दोन फणस घेऊन येईल आणि ‘एक अक्षर तर आहे’ म्हणेल. आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, मागायला मुंबईहून माणूस येईल, त्याला संध्याकाळची गाडी पकडायची असेल. घाईत पान उलगडलं की शंभर वर्षांचा कागद फाटतो. आणि ही रजिस्टरं खालच्या कप्प्यात ठेवायची नाहीत. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने तुमच्या दापोली-मंडणगडात छपरं उडवली, पुढच्या वर्षीच्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं. तेव्हा एका शाळेतली भिजलेली पानं मी स्वतः पंख्याखाली एकेक करून वाळवलीत. अक्षरं फुटलेली ती पानं ज्याने हाताळली त्याला कप्पा कोणता, हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगावं लागतं.

पहिल्या सरांना तुम्ही एक पंचांग करून द्या. छापील नको, तुमच्या हातचं. जूनमध्ये चार्ज आणि प्रवेश, ३० सप्टेंबरचा पट आणि यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, दिवाळीच्या आगेमागे दहावीचे फॉर्म, फेब्रुवारीत तोंडी-प्रात्यक्षिक आणि आयकराचं गणित, ३१ मार्चला कीर्द बंद, एप्रिल-मेमध्ये निकाल आणि शाकारणी. प्रत्येक महिन्यात शालार्थ या ऑनलाइन प्रणालीवर पगार बिल. प्रत्येक गोष्टीपुढे ती आपल्या शाळेत कोण करतो आणि कुठली वही लागते, एवढं लिहा. त्यांच्या फोनांपैकी निम्मे त्या कागदात मावतील.

राहिलेले निम्मे फोन कागदाचे नाहीतच. शिपायाची किरकोळ रजा मंजूर करायची की नाही, हे त्यांना कळत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? तीस वर्षं त्यांनी स्वतः रजा घेतल्या आहेत. त्यांना उत्तर नकोय, भागीदार हवाय. उद्या कोणी बोललं तर ‘सरांना विचारून केलं’ असं म्हणता यावं म्हणून तो फोन आहे. पेन्शन दोन वर्षांवर आली की माणूस असा होतो, त्यात त्यांचा दोष धरू नका. पण तुम्ही ‘द्या रजा’ म्हणालात की त्या शाळेत दोन मुख्याध्यापक होतात. शिपायाला ते आठवड्यात कळतं. तो पुढची रजा तुमच्याकडेच मागेल.

पावसाच्या सुट्टीचंही तसंच. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला तर प्रश्नच मिटला. नाही आला आणि वहाळ फुगला, तर साकवावर पाणी किती चढलंय, पलीकडच्या वाडीची मुलं किती, त्यांना न्यायला मोठं माणूस कोण येईल, हे घरच्या पडवीत बसून तुम्हाला काय दिसणार? अशा वेळी ‘मी तिथे नाही, तुम्ही आहात’ एवढंच म्हणा. पहिल्या वेळी त्यांना राग येईल.

फोन बंद करू नका. वेळ बांधा. संध्याकाळी सात ते साडेसात, रविवार सोडून. दिवसभरात सुचलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवायला सांगा. साडेसातपर्यंत वहीतल्या बऱ्याचशा ओळी त्यांनीच खोडलेल्या असतील. खोडलेल्या ओळींबद्दल मात्र आठवणीने विचारा, कसं सोडवलंत म्हणून. माणसाला आपण काही सोडवलंय हे मोठ्याने सांगायला मिळालं की पुढचा फोन कमी होतो.

एक गोष्ट या वेळेच्या बंधनात बसत नाही. मुलाच्या अंगाला हात लागल्याचा, छेडछाडीचा, नुसता संशयाचासुद्धा विषय आला तर रात्री दोनलाही फोन घ्या, आणि तिथे बाजारवाल्या सरांसारखी गोष्ट सांगत बसू नका. सरळ सांगा: पोलिसांना कळवायचं, आजच. पोक्सो कायदा २०१२चा आहे, त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ त्याला एक वर्षापर्यंतची कैद सांगतं. ‘गावातलं गावात मिटवू’ म्हणणारी माणसं त्या दिवशी कार्यालयात खुर्च्या भरून बसतील. मानकरी असतील, संस्थेचे असतील, मुलीचा काकासुद्धा असेल. नव्या मुख्याध्यापकाचा पाय तिथे लटपटतो. तेव्हा मागे कोणीतरी ताठ उभं असायला हवं. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती त्या तिन्ही शाळांत फलकावर आहे की खरोखर बसते, हे एकदा विचारून घ्या.

आता बैठकीचं.

तुम्ही दर महिन्याला तिघांचा ‘आढावा’ मांडता. संघाच्या बैठकीत चहा असतो, भजी असतात, संस्थेचे सचिव असतात. तुम्ही चांगल्या मनानेच बोलत असणार. अमुक सर जरा घाबरट आहेत, तमुक बाई खचल्यात, त्यांना आधार द्या. पण आपला तालुका केवढा? बैठक सुटायच्या आत ते वाक्य बाईंच्या अध्यक्षांकडे मुंबईला पोचतं. तिकडे पोचेपर्यंत त्यातला ‘आधार द्या’ गळतो आणि ‘खचल्यात’ तेवढं उरतं. आता विचार करा, बाई तुम्हाला फोन करतात, रडतात, आणि नेमकं काय झालं ते सांगत नाहीत. मीही नसतं सांगितलं. दुसरे सर विषय बदलतात. मीही बदलला असता. आणि पहिल्या सरांनी तर पक्कं ठरवूनच टाकलंय, की आपलं मोजमाप होणारच आहे तर एकही गोष्ट विचारल्याशिवाय करायची नाही.

तपासायला केंद्रप्रमुख आहेत, विस्तार अधिकारी आहेत, शिक्षणाधिकारी आहेत, लेखापरीक्षक आहेत, संस्था आहे, आणि न बोलवता येणारे पालक आहेत. खुर्चीतल्या माणसाला तपासणाऱ्यांची वाण नाही. ज्याच्यासमोर ‘मला हे येत नाही’ म्हटलं तर ते तिथेच राहील, असं एकही माणूस त्याला नसतं. घरीही नसतं. नवरा किंवा बायको शिक्षक असेल तर मुळीच नसतं. तुम्ही तेवढे व्हायचं होतं, आणि झालात शेरेपुस्तकातला आणखी एक शेरा.

कडक लिहिलं, रागावू नका. आढावा बंद करा. संघाला सांगा की नावं घेऊन मी काहीही बोलणार नाही, ते मान्य असेल तरच हे काम करीन. बोलायचंच असेल तर नावाशिवाय बोला. चार्ज देण्याघेण्याचं एक दिवसाचं शिबिर मेच्या पहिल्या आठवड्यात घ्या, हे सांगा. ज्याची पाळी पुढच्या वर्षी आहे त्याला यंदाच कार्यालयात महिन्यातून दोन दिवस बसू द्या, पगार बिल त्याच्याकडून एकदा करून घ्या, हे सांगा. ज्येष्ठता यादी भिंतीवर लागलेली असते. पुढचा कोण ते शिपायालाही माहीत असतं, तरी त्याला शिकवायला आपण त्याच्या सहीची वाट पाहतो. हा आढावा ऐकायला सचिवांनी खुशाल यावं.

आणि हे ठरलं की तिघांनाही स्वतः जाऊन सांगा. फोनवर नको. ‘मी बैठकीत बोलत होतो ते चुकलं, यापुढे बोलणार नाही.’ सांगून लगेच विश्वास बसेल असं नाही. गणपतीपर्यंत तरी बसणार नाही.

बाईंकडे तर बाजाराच्या दिवशी जाच, वहिनींनाही न्या. काय झालं म्हणून विचारू नका. वर्ग दाखवा म्हणा. कुठल्या वर्गात किती ठिकाणी गळतं, खाली काय ठेवलंय, कुठली बाकं सरकवली आहेत. गळकं छप्पर दाखवता दाखवता माणूस बोलतं. मग त्या कमानीचं निघेल. इथे तुमचा हात शिवशिवेल, कारण अध्यक्षांना तुम्ही ओळखत असणार, ‘मी एक फोन करतो’ म्हणाल. करू नका. तुमच्या फोनाने काम झालं तर बाईंचा शब्द कायमचा पडला. आधीच कार्यालयात येणारा माणूस त्यांच्याकडे पाहून ‘हेडसर कुठं हायत?’ विचारत असेल. तुमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षा द्यायला साताऱ्यापर्यंत चालत गेले होते आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना तिथून परत पाठवलं, ही गोष्ट तुम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल. दिसण्यावर जाणारे तेव्हाही होते.

कमानवाल्यांचाही राग नको. आपल्याकडच्या कितीतरी शाळा गिरणीत राबणाऱ्या माणसांनी दहा बाय बाराच्या खोलीत बसून काढलेल्या वर्गणीवर उभ्या राहिल्यात. त्यांच्या मुलांना गावात आपल्या वडिलांचं नाव कुठेतरी लिहिलेलं बघायचं असेल तर त्यात वावगं काय? अडचण एवढीच, की कौलावर नाव लिहिता येत नाही.

बाईंना कागदापुरती मदत करा. व्हॉट्सॲपच्या गटावर उत्तर द्यायचं नाही, हे पहिलं. तिथे अध्यक्ष बोलतात आणि चाळीस माणसं अंगठे दाखवतात. शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून, एक पानी पत्र. किती वर्ग गळतात, जूनपासून किती दिवस कुठली इयत्ता व्हरांड्यात बसली, सुताराने वासे-रिपा-कौलांचा खर्च किती सांगितला. विशेषणं नकोत, आकडे पुरेत. एक प्रत संस्थेच्या सचिवांना. शाळा समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘इमारत दुरुस्ती’ हा विषय. त्या सभेत त्यांची जागा हक्काची आहे, कोणाच्या मेहेरबानीची नाही. आणि चाकरमानी गणपतीला येतील तेव्हा मंडळाची सभा सभागृहात न घेता सातवीच्या वर्गात घ्यावी का, हा विचार त्यांच्यापुढे नुसता ठेवा. भाद्रपदात पाऊस असतोच. घ्यायची की नाही ते त्या ठरवतील. कमान हवी की नको तेही त्या आणि त्यांची संस्था ठरवेल. त्यांनी कमानीला होकार दिला तर तुम्ही तोंड वाकडं करायचं नाही. कदाचित आधी कमान घेऊन मग कौलं मिळवायची त्यांची वेगळीच चाल असेल.

दुसऱ्या सरांचं मुद्दाम शेवटी ठेवलंय.

एक प्रश्न. जादा तास बंद झाल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? ते स्वतः तर फोन उचलत नाहीत. म्हणजे लेखनिकाने, नाहीतर एखाद्या जुन्या शिक्षकाने, ‘सर, तुमच्या वेळेसारखं आता काही राहिलं नाही’ अशी सुरुवात करून. ते वाक्य किती गोड लागतं हे मला विचारा. माझं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. निवृत्तीनंतर सहा महिने मी घंटा ऐकून घड्याळ पाहायची. एकदा तीन मिनिटं उशीर झाला तर मी चक्क फोन केला होता. पलीकडून नव्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘आज श्रद्धांजली होती, बाई.’ त्या दिवसापासून सकाळी साडेदहाला मी मागच्या परसात झाडांना पाणी घालते. तिथे घंटा कमी ऐकू येते.

तो तास का बंद केला, मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. पहिली एस.टी. आता त्या वेळेला येत नसेल, लांबच्या वाडीतल्या मुली अंधारात घाटी उतरत असतील, किंवा त्यांना तो तास तुमच्या वेळेपासूनच पटत नसेल आणि सतरा वर्षं हाताखाली असताना बोलता आलं नसेल. आपला कोकण बोर्ड दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात वरचढ असतो, त्यामुळे जादा तास बंद करायला धैर्य लागतं, एवढं मात्र मी म्हणेन. लेखनिकाला सांगा की शाळेचं काही मला कळवू नकोस, त्यांना सांग.

त्यांचे मार्गदर्शक तुम्ही होऊ शकत नाही. दुसऱ्या शाळेतलं कोणीतरी द्या. खेडचं, मंडणगडचं, ज्याने त्यांना कधी रजेचा अर्ज द्यायला लावला नाही असं. बदल्यात तुम्ही तिकडचा एखादा नवा घ्या. ज्या खुर्चीत आपण बसलो होतो तिच्यात बसलेल्या माणसाला शिकवता येत नाही. आपण शिकवतो ती खुर्ची, आणि ती आता तशी राहिलेली नसते.

पण त्याआधी एक गोष्ट आठवून पाहा, आणि मला उत्तर देऊ नका, तुमचं तुम्हाला द्या. दोन वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यात तुम्ही त्यांना चार्ज दिलात, त्या यादीत ‘दुरुस्तीला गेलेलं’ काही होतं का? एखादी पेटी, एखादा संगणक, ग्रंथालयातली कोणी घरी नेलेली पुस्तकं, कीर्दीतली न जुळणारी थोडी रक्कम? ते तुमच्या हातचे. तुमच्यासमोर मोजायला त्यांना संकोच वाटला असेल. आता लेखापरीक्षण तोंडावर आलं असेल, आणि तुम्ही समोर बसून त्यांना मुख्याध्यापकाने कसं वागावं ते सांगताय. अशा वेळी चहा मागवण्याखेरीज माणूस काय करणार?

काही नसेल तर उत्तमच. असेल, तर यादीची तुमची प्रत काढा आणि एकदाच जा, शाळा सुटल्यावर, शिपाईही गेलेला असताना. त्यांनी पुढे केलेला चहा घ्या. या वेळी विषय तुम्ही काढा.